वास्कोतल्या दोन युद्धनौका आणि रशियाचं वजन : एक प्रकरण अभ्यास

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी दक्षिण गोव्यातल्या बाणावलीत, समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात, भारत आणि रशिया यांची वार्षिक शिखर बैठक झाली आणि एका दिवसात करारांची रांग लागली. एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घ्यायची ठरलं. चार फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, घ्यायच्या आणि त्यांतल्या दोन भारतात बांधायच्या असं ठरलं. कामोव्ह-२२६टी हेलिकॉप्टरं भारतात बनवण्यासाठी संयुक्त कंपनीचा करार झाला. आणि रोसनेफ्ट या रशियाच्या सरकारी तेल कंपनीने एस्सार ऑइलमधला ४९ टक्के हिस्सा घेण्याची घोषणा झाली. त्या दिवशी पंतप्रधान मोदींनी एक रशियन म्हण ऐकवली होती : एक जुना मित्र दोन नव्या मित्रांपेक्षा बरा. शेजारी पुतीन होते. संरक्षणमंत्री होते मनोहर पर्रीकर, आपल्याच म्हापशाचे. लगेच त्याच जागी ब्रिक्सची आठवी परिषद भरली.

मी गोव्यात पदवीच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. बदलत्या जगात बड्या राष्ट्रांचं स्थान हा भाग सुरू झाला, की रशियाबद्दल दोन ठरलेली उत्तरं येतात. युक्रेनच्या युद्धानंतर रशिया एकटा पडला, हे एक. आणि काही बदललेलं नाही, रशिया आपला सख्खा मित्र आहे, हे दुसरं. दोन्ही उत्तरं टीव्हीवरून आलेली असतात. दोन्ही तपासून बघायला लागणारा पुरावा मात्र आपल्या दारात आहे. बाणावलीतल्या त्या दिवसाचं पुढे काय झालं, हे एकेक करार धरून पाहिलं तर रशियाचं आजचं वजन बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. म्हणून हे प्रकरण.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाचताना ते तपासता येईल. भारताला रशियाची गरज अजून आहे, पण भिस्त राहिलेली नाही. गरज आणि भिस्त यांच्यातली ही फट युक्रेनवरच्या आक्रमणाने रुंद केली, पण ती २०१४ पासूनच पडत होती. तिची सगळ्यांत स्पष्ट खूण वास्कोच्या गोदीत, दोन जहाजांच्या पोटात आहे.

१८ डिसेंबर १९६१

गोव्यात रशियाचा विषय निघाला की वयस्कर माणसं व्हेटोची आठवण काढतात, आणि ती योग्यच आहे. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. त्याच दिवशी पोर्तुगालने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला : युद्ध थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी तर ही संयुक्त राष्ट्रांच्या अंताची सुरुवात ठरू शकते, असा इशारा दिला. ठरावाच्या बाजूने सात मतं पडली, विरोधात चार : सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सात मतं म्हणजे तेव्हाच्या नियमाने ठराव मंजूर होण्यापुरतं बहुमत होतं. तो पडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे. न्यूयॉर्कमध्ये हे चाललं होतं तेव्हा इथे १९ तारीख उजाडत होती. त्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी वास्कोत शरणागती पत्करली.

यात मॉस्कोचा स्वार्थ नव्हता असं नाही. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. वसाहतींच्या प्रश्नावर अमेरिका एका वसाहतवादी देशाच्या बाजूला उभी राहते, हे आशिया-आफ्रिकेला दाखवून देण्याची याहून चांगली संधी क्रेमलिनला मिळाली नसती. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा होऊ दिला. त्याच सुमारास बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात फिरत होते आणि गोव्यावरचा भारताचा हक्क जाहीरपणे मान्य करत होते. फरक तेव्हाच ठरला होता.

आपल्या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला जे दिलं, ते एक मत होतं. मत द्यायला कारखाना लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, बँक लागत नाही, तिसऱ्या देशाची परवानगी लागत नाही. नकाराधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लिहिलेला आहे आणि आजही तसाच आहे. २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने तो नकाराधिकार युक्रेनवरच्या ठरावाविरुद्ध, स्वतःसाठीच वापरला. तेव्हा भारत तटस्थ राहिला, रशियाच्या बाजूने त्याने मत दिलं नाही. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, पाचांनी विरोध केला, ३५ तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये होता.

बाणावलीत रशियाने जे देऊ केलं, त्याची जात निराळी होती. जहाज, क्षेपणास्त्र, हेलिकॉप्टर हे मतासारखं हात वर करून देता येत नाही. ते बनवावं लागतं, वेळेत पोचवावं लागतं, त्याचे पैसे घेता यावे लागतात.

एका इंजिनाची गोष्ट

चार फ्रिगेटचा करार सगळ्यांत बोलका आहे, म्हणून त्यावर मी जास्त वेळ घालवते.

ही जहाजं भारतीय नौदलाला नवी नव्हती. तलवार, त्रिशूल आणि ताबर या याच जातीच्या नौका सेंट पीटर्सबर्गला बांधून २००३-०४ मध्ये आल्या. तेग, तरकश आणि त्रिकंड या कालिनिनग्राडच्या यांतर गोदीतून २०१२-१३ मध्ये आल्या. आराखडा सेंट पीटर्सबर्गच्या सेव्हेरनोये संस्थेचा. नौदलाला या नौका आवडल्या होत्या, त्यामुळे आणखी घेण्यात गैर काहीच नव्हतं. मात्र २०१६ मध्ये रशियाने ज्या जहाजांबद्दल बोलणी केली, त्यांतल्या दोघांचे सांगाडे आधीच कालिनिनग्राडला उभे होते. ते भारतासाठी उभे केलेले नव्हते. रशियाने आपल्या काळ्या समुद्रातल्या आरमारासाठी याच आराखड्याच्या सहा नौका बांधायला घेतल्या होत्या. तीन पुऱ्या झाल्या, उरलेल्या तीन अडकल्या. कारण इंजिन.

या नौका गॅस टर्बाइनवर चालतात. नेहमीच्या वेगासाठी दोन टर्बाइन आणि जोराने पळायचं असेल तेव्हा त्यांच्या जोडीला आणखी दोन. ही टर्बाइन आणि त्यांचे गिअर बनवणारा कारखाना आहे झोर्या-माशप्रोएक्त. तो युक्रेनमध्ये, काळ्या समुद्राजवळच्या मिकोलाइव्ह शहरात आहे. सोव्हिएत काळात यात अडचण नव्हती. इंजिन मिकोलाइव्हला, सांगाडा लेनिनग्राडला, इलेक्ट्रॉनिक्स आणखी तिसरीकडे, आणि सगळं एका सरकारच्या हुकमाखाली. १९९१ नंतर वाटणी झाली, तेव्हा वाड्यातलं स्वयंपाकघर एका भावाकडे आणि विहीर दुसऱ्याकडे गेली. बोलणं होतं तोवर पाणी मिळत राहिलं. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाशी लष्करी सहकार्य बंद केलं. टर्बाइन यायची थांबली.

जहाजाचं इंजिन बदलणं सोपं का नसतं, हे मुलं नेहमी विचारतात. इंजिन किती जागा घेतं, किती वजनाचं आहे, धूर कुठून बाहेर पडणार, गिअर आणि दांडा कुठल्या कोनात बसणार, या सगळ्यावर सांगाड्याचा आराखडा बेतलेला असतो. पत्रे वळवून झाले, आतल्या भिंती उभ्या राहिल्या, की दुसरं इंजिन आणून बसवणं म्हणजे पोट फाडून पुन्हा शिवणं. रशियाने स्वतःचं सागरी टर्बाइन तयार करायला घेतलं खरं, पण त्यात वर्षं गेली, आणि ते या सांगाड्यांसाठी नव्हतं.

अशा स्थितीत भारत आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन तयार नौकांचा सौदा झाला, सुमारे ९५ कोटी डॉलरचा. त्यात ठरलं ते असं : इंजिनं भारत युक्रेनकडून विकत घेईल आणि रशियाच्या गोदीत नेऊन देईल. युक्रेनची भारताला विकायला हरकत नव्हती. त्याची हरकत होती ती रशियाला विकायला. म्हणजे रशियाचं आरमार ज्या जहाजांना पुरं करू शकलं नाही, ती पुरी करण्यासाठी ग्राहकाने स्वतः इंजिन आणून दिलं. बड्या राष्ट्राचं स्थान कुठे घसरतं ते दाखवणारा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा माहीत नाही. विकणारा आहे, माल आहे, घेणाराही आहे, पण मालाचा जीव असलेला भाग मिळवायला विकणाऱ्याला घेणाऱ्याच्या नावाचा आधार घ्यावा लागतो.

उरलेल्या दोन नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डला मिळाल्या. २५ जानेवारी २०१९ ला संरक्षण मंत्रालयाने करारावर सही केली. ही गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केली होती. मुक्तीनंतर ती भारताकडे आली आणि गस्ती नौकांसाठी नाव कमावून राहिली. साडेतीन हजार टनांची, क्षेपणास्त्रं वाहणारी फ्रिगेट तिने कधी बांधली नव्हती. या जातीचं जहाज भारतातल्या कुठल्याच गोदीत याआधी बांधलं गेलं नव्हतं. सामान, आराखडा आणि तज्ज्ञांची मदत रशियाकडून, टर्बाइन युक्रेनकडून, ब्राह्मोस आपलं आणि रशियाचं मिळून, आणि हात मुरगाव तालुक्यातल्या कामगारांचे.

मग फेब्रुवारी २०२२ आला. मिकोलाइव्हवर रशियन क्षेपणास्त्रं पडली, शहराबरोबर या कारखान्यालाही मार बसला. ज्या कारखान्याचं टर्बाइन कालिनिनग्राडमधल्या जहाजात बसत होतं, त्याच कारखान्यावर रशियाचा हल्ला. ही परिस्थिती भारताने निर्माण केली नव्हती, पण दोन्हीकडचे तंत्रज्ञ आपापल्या जागी काम करत राहावेत म्हणून दोन्ही राजधान्यांशी बोलणं चालू ठेवणं त्याला भाग होतं. दिल्लीचं तटस्थ मत हे निव्वळ तत्त्वाचं होतं असं जे सांगतात, त्यांनी गोदीतला हा हिशेबही लक्षात घ्यायला हवा.

रशियातल्या दोन नौकांपैकी तुशील ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने, ९ डिसेंबर २०२४ ला कालिनिनग्राडमध्ये नौदलात दाखल झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर होते. तमाल १ जुलै २०२५ ला आली. सव्वाशे मीटर लांब, ३९०० टनांच्या या नौकांमध्ये भारतीय बनावटीचा वाटा २६ टक्के आहे. तमाल ही परदेशात बांधलेली आपली शेवटची युद्धनौका असेल, असं नौदलाने तेव्हा जाहीरपणे सांगितलं. सहा दशकं रशियाच्या गोद्यांमधून जहाजं येत राहिली, त्या वाटेवरचं हे शेवटचं गलबत. पूर्वी नवं जहाज आणायला खलाशी रशियात जात आणि थंडीचे महिने तिथेच काढत. त्या प्रशिक्षणाच्या, भाषेच्या, ओळखीच्या धाग्यांनीही एका पिढीचं मन रशियाकडे बांधलेलं होतं. पुढच्या पिढीचं तसं बांधलेलं नसेल.

गोव्यातल्या दोघींपैकी त्रिपुट वास्कोत २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, राज्यपाल श्रीधरन पिल्लई यांच्या उपस्थितीत. तवस्य २२ मार्च २०२५ ला उतरली. तवस्य हे भीमाच्या गदेचं नाव. जलावतरण म्हणजे जहाज तयार झालं असं नव्हे. सांगाडा तरंगू लागला की खरं काम सुरू होतं : तारा, नळ, रडार, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, मग चाचण्या.

दाबोळीच्या धावपट्टीवर

वास्कोकडच्या लोकांना रशियन बनावटीची आणखी एक ओळख आहे, ती कानाची. चिखली, बोगमाळोच्या घरांवरून नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं उडतात. आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरच्या सरावासाठी दाबोळीचा विमानतळ आठवड्याचे दिवस सकाळी कित्येक तास प्रवासी विमानांना बंद असतो, हे गोव्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही विमानं विक्रमादित्य आणि विक्रांत या विमानवाहू नौकांसाठी घेतली, एकूण ४५. विक्रमादित्यसुद्धा मूळची मिकोलाइव्हला बांधलेली, रशियाने दुरुस्त करून विकलेली.

बाणावलीच्या बैठकीच्या तीनच महिने आधी, जुलै २०१६ मध्ये, महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल संसदेत आला होता. मिग-२९केची ४० इंजिनं रचनेतल्या दोषांमुळे काढावी किंवा नाकारावी लागली, आणि विमानं उड्डाणायोग्य असण्याचं प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं, असं त्यात नोंदवलं होतं. हे वाचल्यावर जुन्या मित्राच्या म्हणीचा दुसरा अर्थही ऐकू येतो. दिल्लीतल्या माणसांना माल कसा आहे ते माहीत होतं. तरी करार झाले, कारण पर्याय उभे करायला वेळ हवा होता. एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी फ्रान्सकडून २६ रफाल-एम विमानं घेण्याचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार केला. नौकेवरच्या लढाऊ विमानांचं भविष्य आता पॅरिसमध्ये ठरेल.

मोजलेला आकडाही हेच सांगतो. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकडेवारीत, भारताच्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता. २०१५-१९ मध्ये तो ५५ झाला आणि २०२०-२४ मध्ये ३६. ही घसरण युद्धापूर्वीपासूनची आहे. आणि ३६ टक्क्यांवरही रशियाच पहिल्या क्रमांकावर आहे, हेही विसरायचं नाही.

एस-४००, कामोव्ह आणि वाडीनार

बाकीचे तीन करार थोडक्यात.

कामोव्ह हेलिकॉप्टर दोनशे बनायची होती. त्या कंपनीतून एकही बाहेर पडलं नाही. किंमत आणि देशी भागांचं प्रमाण यावर गाडी अडली ती अडलीच. सेनेने शेवटी एचएएलच्या हलक्या हेलिकॉप्टरकडे पाहायला सुरुवात केली.

एस-४०० ची कथा उलट आहे, आणि रशिया संपला म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५४३ कोटी डॉलरचा पक्का करार झाला. रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्यांवर निर्बंध घालणारा अमेरिकेचा काट्सा कायदा डोक्यावर होता. त्याच प्रणालीसाठी तुर्कस्तानवर डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध लागले, भारतावर लागले नाहीत. पहिलं पथक २०२१ च्या अखेरीस यायला सुरुवात झाली. पाचपैकी तीन आली, मग युद्धामुळे उरलेली दोन रखडली. मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने संसदेच्या स्थायी समितीला सांगितलं, की रशियाकडून ठरलेली एक मोठी पोचवणी होणार नाही. तरी मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, जी तीन होती तीच कामाला आली. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी या प्रणालीला गेम चेंजर म्हटलं. म्हणजे माल उशिरा आला, अर्धवट आला, आणि जो आला तो उत्तम निघाला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि वर्गात हे पचवणं मुलांना सगळ्यांत जड जातं.

तेलाच्या कराराकडे २०१६ मध्ये शस्त्रांइतकं कुणी पाहिलं नव्हतं. रोसनेफ्ट गुजरातेतल्या वाडीनारच्या शुद्धीकरण कारखान्यात आली, कंपनीचं नाव पुढे नायरा झालं. २०२२ नंतर सगळा तोल याच बाजूला झुकला. युद्धाआधी भारत रशियाकडून जेमतेम दोन टक्के कच्चं तेल घेत होता. युरोपने घेणं बंद केलं, रशियाने सवलत दिली, आणि दोन वर्षांत भारताच्या आयातीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रशियन झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावरच निर्बंध घातले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेलं.

पैसा कुठे अडला

गोव्याचा या प्रकरणातला तिसरा प्रसंग मे २०२३ चा. शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक पुन्हा बाणावलीतच झाली. आपल्याकडे तिची चर्चा झाली ती पाकिस्तानच्या बिलावल भुट्टोंमुळे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह पत्रकारांना जे बोलले ते. भारतीय बँकांमध्ये रशियाचे अब्जावधी रुपये साठले आहेत, ते वापरता येत नाहीत, ही अडचण आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं.

रुपयांत व्यवहाराची सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये केली होती. पण रुपया जमवून रशियाने घ्यायचं काय? भारत रशियाला विकतो फार थोडं. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार ६८.७ अब्ज डॉलर झाला, त्यात भारताची निर्यात होती केवळ ४.९ अब्ज. उरलेलं सगळं रशियाकडून आलेलं, मुख्यतः तेल. ज्याच्या बँका जगाच्या व्यवहारातून बाहेर काढल्या गेल्या, त्या देशाला आपल्याच मालाचे पैसे मित्राच्या घरात पडून राहिलेले बघावे लागतात. बड्या राष्ट्राच्या परराष्ट्रमंत्र्याला ही तक्रार दुसऱ्याच्या अंगणात, कॅमेऱ्यासमोर करावी लागली, यातच स्थान कळतं.

हीच गोष्ट पेडण्यात लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर रशियन पाहुण्यांवर वर्षाचं गणित बसलेली कितीतरी घरं आहेत. मेनूकार्ड रशियनमध्ये, दुकानाच्या पाट्या रशियनमध्ये. २०१४ नंतर रुबल कोसळला तेव्हा चार्टर विमानं रोडावली आणि भाड्याच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियन कार्डं रशियाबाहेर बंद केली, तेव्हा पाहुणा समोर उभा, खिशात कार्ड, आणि बिल भरता येईना. मोरजीच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलं होतं, "टीचर, यांच्याकडे अणुबॉम्ब आहे, मग कार्ड का चालत नाही?" हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते. अणुबॉम्ब स्वतःचा असतो. कार्ड चालवणारी व्यवस्था दुसऱ्याची असते, आणि तो दुसरा ती बंद करू शकतो. पुढे रोख, ओळखीतले व्यवहार, थेट मॉस्कोची विमानं असं काही ना काही करून पाहुणे पुन्हा येऊ लागले. आमच्या लोकांनीही वाट काढली. दिल्लीने तेलासाठी जे केलं तेच इथे छोट्या प्रमाणावर झालं.

चीनची सावली

एक प्रश्न उरतो, की रशियाने हे स्थान का स्वीकारलं. उत्तराची सुरुवातही बाणावलीत सापडते. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला होता. त्याच महिन्यात रशियन सैन्य पाकिस्तानी सैन्याबरोबर पहिल्यांदाच संयुक्त सराव करत होतं. महिन्याभराने ब्रिक्सच्या गोवा जाहीरनाम्यात सीरियातल्या नुस्रासारख्या संघटनांची नावं आली, कारण ती रशियाची डोकेदुखी होती. जैश-ए-मोहम्मद आणि लष्कर-ए-तैयबा यांची नावं आली नाहीत. चीनची हरकत अपेक्षितच होती. रशियाने भारताची बाजू जोराने लावून धरली नाही, हे खटकणारं होतं. १९६१ ला एकट्याने चार देशांचा ठराव अडवणारा मॉस्को, गोव्याच्याच भूमीवर, एका परिच्छेदासाठी बीजिंगशी वाकडं घ्यायला तयार नव्हता.

२०२२ नंतर हे अवलंबित्व उघडं झालं. रशिया-चीन व्यापार २०२३ मध्ये २४० अब्ज डॉलरवर गेला, भारताशी असलेल्या व्यापाराच्या साडेतीन पट. म्हणून रशियाला भारत हवा आहे तो नुसता ग्राहक म्हणून नाही. सगळी भिस्त चीनवर टाकायची नसेल तर दुसरा मोठा गिऱ्हाईक लागतो. आणि भारताला रशिया हवा आहे, कारण तो पुरता चीनच्या पंखाखाली गेला तर लडाखच्या सीमेवर आपण एकटे. दोघांचीही गरज खरी आहे. या गरजेला मैत्री म्हणायला माझी हरकत नाही, मात्र ती १९६१ ची मैत्री नव्हे, आणि तसं मुलांना शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये पुतीन दिल्लीत आले. २०३० पर्यंत व्यापार शंभर अब्ज डॉलरवर न्यायचं ठरलं. खतं, मनुष्यबळ, अणुऊर्जा यांवर बोलणं झालं. शस्त्रांचा मोठा नवा सौदा जाहीर झाला नाही. बाणावलीच्या यादीशेजारी ही यादी ठेवली की नऊ वर्षांत काय घडलं ते दिसतं.

इकडे वास्कोत त्रिपुट आणि तवस्यचं काम चालू आहे. अशी नौका पंचवीस-तीस वर्षं चालते. तेवढ्या काळात टर्बाइनची पाती बदलावी लागतील, गिअर उघडावे लागतील, आणि ते सामान मिकोलाइव्हमधून येईल, तो कारखाना उभा राहिला तर. सांगाड्यात काही फेरफार करायचा झाला तर नकाशे सेंट पीटर्सबर्गचे. त्या दोन शहरांमधलं युद्ध कधी आणि कशा अटींवर थांबतं, यावर गोव्यात बांधलेल्या जहाजांची देखभाल अवलंबून राहील. मुलांना प्रकल्प म्हणून मी सध्या हेच देते : तुम्ही नौदलाच्या देखभाल विभागात आहात, २०३५ साल आहे, जोराने पळण्यासाठीचं एक बूस्ट टर्बाइन निकामी झालं आहे. कोणाकोणाला फोन करावे लागतील त्यांची यादी करा, आणि प्रत्येकाला तुमचा फोन उचलायची गरज का वाटेल ते लिहा.